हीटिंग टॉर्चला कोणता गॅस लावावा: डीए, एलपीजी की आणखी काही?

धातू तापवणारी गॅसची हीटिंग टॉर्च घ्यायला दुकानात गेलेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो, "सगळ्यात गरम ज्योत कशाची?" उत्तर सोपं आहे, अ‍ॅसिटिलीनची. बाजारात यालाच डीए म्हणतात. पण एवढ्या उत्तरावर विसंबून केलेली खरेदी बऱ्याचदा चुकते, कारण जॉब, म्हणजे हातातला धातूचा भाग, तापवायला लागते ती उष्णता, आणि तापमान ही वेगळी गोष्ट आहे. समईची वात हजार अंशांच्या आसपास जळते, पण तिच्यावर बंबातलं पाणी तापत नाही. बंबाला जाळ लागतो. हीटिंग टॉर्चचंही तेच आहे. बारीक, अति गरम टोक हवं की भरपूर जाळ हवा, हे आधी ठरवायचं आणि मग गॅस निवडायचा.

माझी बावीस वर्षं भोसरीत मेंटेनन्समध्ये गेली. वाकलेले शाफ्ट, गंजून बसलेले नट, तडे गेलेलं बीड (ओतीव लोखंड), न निघणाऱ्या पुल्या, हे रोजचं काम. दिवाळीनंतर भाच्याने नऱ्ह्यात शेड घेतली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, नांगराचे फाळ, गेट-ग्रिल, शिवाय आसपासच्या कारखान्यांची किरकोळ दुरुस्ती असं त्याचं काम. त्याने विचारलं, "मामा, डीए घेऊ का एलपीजी?" त्याला समजावताना जो हिशेब वहीत मांडला, तोच इथे सविस्तर देतो. त्याच्यासारख्याच पेचात असलेल्या प्रत्येकाला तो उपयोगी पडेल.

उष्णता ज्योतीत कुठे असते

ऑक्सिजनवर चालणाऱ्या ज्योतीचे दोन भाग असतात. नोझलच्या तोंडाशी दिसतो तो लहान, झगझगीत शंकू. त्याभोवती लांब, निळसर पिसारा. सिलिंडरमधला ऑक्सिजन शंकूत खर्ची पडतो आणि जे जळायचं राहिलं ते भोवतालच्या हवेतला ऑक्सिजन घेऊन पिसाऱ्यात जळतं. एकूण उष्णतेपैकी किती शंकूत आणि किती पिसाऱ्यात, हे प्रत्येक गॅसचं वेगळं असतं. टॉर्चचा सगळा स्वभाव त्यावर ठरतो.

| | अ‍ॅसिटिलीन (डीए) | प्रोपेन | प्रोपिलीन | नैसर्गिक वायू |
|---|---|---|---|---|
| ऑक्सिजनबरोबर ज्योतीचं तापमान, अंश सेल्सिअस | ३,१५० | २,८२० | २,८७० | २,७७० |
| एका घनमीटरमधली उष्णता, मेगाज्यूल | ५५ | ९५ | ८८ | ३७ |
| पैकी आतल्या शंकूत, मेगाज्यूल | १९ | १० | १६ | जेमतेम दीड |
| घनमीटरमागे टॉर्चमधून द्यावा लागणारा ऑक्सिजन, घनमीटर | १.१ ते १.२ | सुमारे ४ | ३ ते ३.५ | १.५ ते १.८ |
| हवेच्या तुलनेत वजन | ०.९ पट | १.५ पट | १.५ पट | ०.६ पट |

आकडे ढोबळ आहेत, पण निवडीला पुरतात. आपल्याकडच्या एलपीजीत प्रोपेनबरोबर ब्युटेनही बरंच असतं. त्यामुळे तो प्रोपेनपेक्षा थोडा जड आणि ऑक्सिजन थोडा जास्त मागणारा आहे.

तापमानाच्या ओळीत डीए आणि एलपीजी यांच्यात तीनशे-साडेतीनशे अंशांचाच फरक आहे. पोलाद १,५०० अंशांच्या आसपास वितळतं आणि लाल करायचं तर ७००-८०० अंश पुरतात. म्हणजे नुसतं तापवायला दोन्ही ज्योती हव्या त्यापेक्षा कितीतरी गरम आहेत. खरा फरक शंकूच्या ओळीत आहे. डीएची तिसरा हिस्सा उष्णता त्या एवढ्याशा शंकूत साठलेली असते, एलपीजीची जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून डीए एका ठिपक्यावर घाव घालतो आणि एलपीजी मोठ्या जागेवर जाळ पसरतो.

यावरून एक सवय मोडायला हवी. डीएवर हात बसलेला फिटर एलपीजीच्या टॉर्चनेही शंकू जॉबला टेकवून काम करू पाहतो, जॉब तापत नाही आणि मग "एलपीजीत दम नाही" असं म्हणतो. एलपीजीची टॉर्च थोडी लांब धरायची, पिसारा जॉबवर पूर्ण पसरू द्यायचा आणि हात फिरता ठेवायचा. हे एकदा जमलं की निम्मी तक्रार संपते.

डीए: घाव जबर, पण धार मोजून घ्यायची

डीए म्हणजे विरघळवलेलं अ‍ॅसिटिलीन. हा वायू मोकळा दाबला तर ऑक्सिजन नसतानाही स्वतःच फुटून विघटित होऊ शकतो, म्हणून टॉर्चकडे त्याचा दाब १५ पीएसआयच्या, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोच्या वर कधीच न्यायचा नाही. मग सिलिंडरमध्ये तो एवढा कसा भरतात? सिलिंडर आतून सच्छिद्र मसाल्याने भरलेला असतो, त्यात अ‍ॅसिटोन मुरवलेलं असतं आणि त्या अ‍ॅसिटोनमध्ये वायू विरघळवतात. असे सुरक्षित साठे आणि त्यांच्यावर चालणारे दीपगृहांचे दिवे यांच्यावर स्वीडनच्या गुस्टाफ डालेन यांनी आयुष्य घातलं. १९१२ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी अ‍ॅसिटिलीनच्या एका चाचणीत स्फोट होऊन त्यांची दृष्टी गेली. या वायूबद्दल एवढा अधिकार असलेल्या माणसाची ही कथा मी प्रत्येक नव्या हेल्परला सांगत आलो आहे.

अ‍ॅसिटोनमुळे दोन बंधनं येतात. सिलिंडर उभाच ठेवायचा. टेम्पोतून आडवा आला असेल तर उभा करून काही तास तसाच राहू द्यायचा, नाहीतर वायूबरोबर अ‍ॅसिटोन नळीत येतं. दुसरं बंधन हीटिंगवाल्यांना फार महागात पडतं. विरघळलेला वायू अ‍ॅसिटोनमधून आपल्या गतीने सुटतो. सलग काम असेल तर तासाला सिलिंडरमधल्या मालाच्या सातव्या हिश्शापेक्षा जास्त ओढायचा नाही, असा जुना ठोकताळा आहे.

आता हिशेब घाला. भरलेला डीए ७ घनमीटरचा धरला तर तासाला १ घनमीटर, म्हणजे ५५ मेगाज्यूल. मिनिटाला एक मेगाज्यूलही नाही. दहा किलो पोलाद ३० अंशांवरून ६५० अंशांवर न्यायला त्या पोलादातच साडेतीन-चार मेगाज्यूल जिरवावे लागतात. ज्योतीतली बरीचशी उष्णता हवेत जाते आणि काही शाफ्टच्या थंड भागाकडे पळते, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या तिप्पट-चौपट लागते. एका डीएवर हे काम पंधरा-वीस मिनिटांच्या खाली नीट होत नाही. आपण मात्र मोठं, अनेक भोकांचं हीटिंग नोझल लावतो, आणि ते तासाला अडीच-तीन घनमीटर सहज मागतं.

हे मी भोगलेलं आहे. एका कारखान्यात ८० मिलिमीटरचा वाकलेला शाफ्ट सरळ करायचा होता. उत्पादन बंद होतं आणि साहेब डोक्यावर उभे होते. मोठं नोझल चढवलं आणि सिलिंडर एकच होता. पाचेक मिनिटांत ज्योत आखडली, नोझल फटफट वाजायला लागलं आणि मग ज्योत आत ओढली जाऊन टॉर्चच्या दांड्यातून शिट्टीसारखा आवाज आला. आमच्या जुन्या फिटरने झटकन आधी ऑक्सिजन, मग डीए बंद केला म्हणून निभावलं. दांडा हात लावता येणार नाही इतका तापला होता. नोझलला जेवढा वायू हवा तेवढा सिलिंडर देऊ शकत नव्हता, भोकांतून वायू बाहेर पडण्याचा वेग ज्योतीच्या वेगापेक्षा कमी झाला आणि ज्योत मागे वळली. त्या दिवशी तीन डीए मॅनिफोल्डवर, म्हणजे एका सामाईक नळीवर, जोडले असते तर काही झालं नसतं. म्हणून डीएवर मोठं हीटिंग करायचं असेल तर एका नव्हे, तीन-चार सिलिंडरांचा खर्च धरा. इथेच बहुतेकांचं बजेट कोलमडतं.

मग डीए घ्यावा कशासाठी? गंजलेला नट सोडवायला त्याला तोड नाही. नट लाल होतो आणि आतला बोल्ट तापायच्या आत पाना फिरतो. हेच काम एलपीजीवर केलं तर नटाबरोबर बोल्टही तापतो आणि फुगण्यातला जो फरक आपल्याला हवा असतो तोच हरवतो. दाटीवाटीच्या जागी, शेजारी रबरी सील किंवा वायरिंग असताना डीएची नेमकी ज्योत जॉब वाचवते. आणि गॅसने पोलादाचं वेल्डिंग करायचं असेल तर डीएच लागतो. एलपीजीच्या ज्योतीने पोलाद वेल्ड करायचा प्रयत्न म्हणजे माल वाया घालवणं. ब्रेझिंग (कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूने सांधणं) होतं, वेल्डिंग नाही.

डीएच्या लाइनमध्ये शुद्ध तांब्याची नळी किंवा जोड कधीही घालू नका. तांब्याशी अ‍ॅसिटिलीनचा संयोग होऊन धक्क्याने फुटणारा पदार्थ तयार होतो. पितळी फिटिंग चालतं, पण तेही या वायूसाठी बनवलेलंच घ्या. हवेत अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांच्या पुढेपर्यंत अ‍ॅसिटिलीन पेट घेऊ शकतं, एलपीजी दोन ते साडेनऊ टक्क्यांच्या पट्ट्यातच. काही गॅरेजांत अजून कार्बाइड आणि पाण्यापासून हा वायू बनवणारी टाकी वापरतात. स्वस्त पडते हे खरं, पण तिचा दाब माणसाच्या लक्षावर अवलंबून असतो. मी ती कुणालाच सुचवणार नाही.

एलपीजी: स्वस्त जाळ, पण ऑक्सिजनचं बिल वेगळं

एका १९ किलोच्या निळ्या व्यापारी सिलिंडरमध्ये सुमारे ९०० मेगाज्यूल उष्णता असते. ७ घनमीटरच्या डीएमध्ये ३८५. म्हणजे एक निळा सिलिंडर दोन डीएंपेक्षा जास्त काम करतो आणि मिळायलाही सोपा आहे. ओढण्याच्या वेगाचं बंधन त्यालाही आहे, पण डीएइतकं घट्ट नाही. दाबाची भीतीही नाही.

मात्र दुकानदार जो हिशेब सांगतो त्यात ऑक्सिजन नसतो. १९ किलो एलपीजीतून साधारण साडेआठ घनमीटर वायू निघतो. त्याला घनमीटरमागे चार धरले तर ३४ घनमीटर ऑक्सिजन लागतो, म्हणजे ७ घनमीटरचे जवळजवळ पाच मोठे, जंबो सिलिंडर. एक डीए मात्र ८ घनमीटर ऑक्सिजनमध्ये संपतो. ऑक्सिजनच्या एका घनमीटरमागे डीए सुमारे ४८ मेगाज्यूल देतो आणि एलपीजी २६. गॅसचं बिल उतरतं, ऑक्सिजनचं चढतं. डीए मुळात महाग असल्याने एकूण पारडं सहसा एलपीजीकडेच झुकतं, पण किती झुकेल ते तुमच्या भागातल्या ऑक्सिजनच्या भावावर ठरेल. तुमच्या पुरवठादाराकडून तिन्ही भाव घ्या आणि ही बेरीज स्वतः करा. जंबो चढवण्या-उतरवण्याची हमाली आणि डिपॉझिटही त्यात धरा.

दुसरी अडचण थंडीची. पुण्यात जानेवारीत सकाळी पारा दहाच्या खाली जातो. ब्युटेन शून्याच्या जरा खाली उकळतं आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना. द्रवाचा वायू होताना सिलिंडर स्वतःच गार पडतो. मोठं नोझल सलग चालवलं की सकाळच्या पाळीत सिलिंडरच्या खालच्या भागावर दहिवर धरतं, दाब पडतो आणि ज्योत मंदावते. अशा वेळी सिलिंडरवर ज्योत फिरवणारी माणसं मी पाहिली आहेत. हे कधीही करू नका. दोन सिलिंडर जोडा किंवा ४७.५ किलोचा घ्या, म्हणजे ओढ वाटली जाते आणि गोठत नाही.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि शेड निवडताना तिचा विचार करायला हवा. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड आहे. गळला तर जमिनीलगत सरपटत जाऊन खड्ड्यात बसतो. गाडी दुरुस्तीचा पिट, गटार, केबलची चर, तळघर यांपैकी काही जवळ असेल तर सिलिंडर तिथे ठेवू नका. भाच्याच्या शेडमध्ये आधीच्या गॅरेजवाल्याचा पिट होता. सिलिंडरची जागा तिथून हलवायला लावणं ही मी केलेली पहिली गोष्ट.

साहित्यही वेगळं लागतं. डीएचं नोझल आणि मिक्सर एलपीजीला चालत नाहीत. एलपीजीच्या नोझलचं तोंड थोडं आत घेतलेलं असतं, नाहीतर ज्योत तोंडापासून उडते. नळी एलपीजीसाठी बनवलेलीच हवी, कारण डीएच्या नळीचं रबर एलपीजीने हळूहळू खराब होतं. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर तर अजिबात नको, त्याचा दाब टॉर्चला पुरतच नाही.

लाल घरगुती सिलिंडर वर्कशॉपमध्ये वापरणं बेकायदा आहे. २००० सालच्या एलपीजी पुरवठा आदेशाने त्याला बंदी आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी आधी सिलिंडरचा रंग पाहते. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस उतरवणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय जिवाशी खेळ आहे. व्यापारी एलपीजी सिलिंडरमधून एका वेळी १०० किलोपर्यंत ठेवायला परवाना लागत नाही. १९ किलोचे पाच त्यात बसतात आणि लहान शेडला ते भरपूर झाले.

तेल कंपन्यांचे कटिंगसाठीचे खास सिलिंडरही मिळतात. भारत पेट्रोलियमचा भारत मेटल कटिंग गॅस, हिंदुस्तान पेट्रोलियमचा एचपी रेझर, इंडियन ऑइलचा नॅनोकट. हे एलपीजीत मिश्रक घालून बनवलेले आहेत आणि त्यांचा रोख कटिंगवर आहे. तुम्ही कटिंग आणि हीटिंग दोन्ही करत असाल तर एकाच सिलिंडरवर दोन्ही होईल, म्हणून विचार करण्यासारखे आहेत. नुसत्या हीटिंगसाठी साधा व्यापारी एलपीजी पुरतो.

ऑक्सिजन न लावता होणारं काम

हा पर्याय लोक विसरतात, आणि मला वाटतं निम्म्या शेडचं निम्मं काम याच्यावर होऊ शकतं. एलपीजीची हवा ओढणारी टॉर्च घ्यायची, ऑक्सिजनचा सिलिंडरच नाही. तिची ज्योत ऑक्सिजनवाल्यापेक्षा बरीच थंड, पण मोठी आणि मऊ असते. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या गच्च्यांवर डांबरी मेम्ब्रेन चिकटवणारे कारागीर हीच टॉर्च वापरतात.

वर्कशॉपमध्ये तिचा उपयोग कुठे? पुली किंवा हाउसिंग शाफ्टवर गरम करून बसवायचं असेल तर पहा. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे १२ मायक्रॉन फुगतं. १०० मिलिमीटरचं भोक १०० अंशांनी तापवलं की ०.१२ मिलिमीटर मोठं होतं, बहुतेक फिटला तेवढं पुरतं. म्हणजे १३० अंशांपर्यंत जायचं आहे. त्यासाठी ३,१५० अंशांची ज्योत आणून एका बाजूला काळं-निळं करण्यात काय अर्थ आहे? हवेची टॉर्च सगळीकडून सावकाश फिरवली की भोक गोल राहून फुगतं. बेअरिंगवर मात्र कुठलीच ज्योत थेट नको. ती तेलात किंवा इंडक्शन हीटरवर तापवा आणि १२० अंशांच्या वर नेऊ नका.

जाड प्लेटला वेल्डिंगआधी शे-दीडशे अंशांचं प्रीहीट, बिडाच्या केसिंगला वेल्डिंगआधीची उब, रंग सोडवणं, ओला जॉब कोरडा करणं, सगळं यावर होतं. ऑक्सिजनचा खर्च शून्य आणि नवशिक्याच्या हातून जॉब वितळण्याची भीती नाही. लाल करून वाकवायचं काम मात्र हिच्याकडून जाड मालावर होत नाही. आठ-दहा मिलिमीटरची सळई होईल, पन्नासचा शाफ्ट नाही.

तांब्याचं काम वेगळं

कसबा पेठेतल्या तांबट आळीत बंब, घंगाळी, हंडे यांवर मठाराचे ठोके पडतात तेव्हा तांबं कडक होत जातं. त्याला पुन्हा मऊ करायला चार-सहाशे अंशांवर तापवावं लागतं. तांबं ही उष्णता वाहून नेणारी धातू, पोलादाच्या सात-आठ पट वेगाने. एका जागी कितीही गरम शंकू धरा, उष्णता सगळ्या भांड्यात पळते आणि जागा तापत नाही. म्हणून भट्टी किंवा एलपीजीचा मोठा पिसारा. डीएची टॉर्च इथे नको. तांबं १,०८५ अंशांना वितळतं आणि पातळ पत्र्यावर शंकू एक क्षण रेंगाळला तर भोक पडतं. कल्हईला तर फक्त २३२ अंशांना वितळणारं कथील पसरवायचं असतं, तिथे हवेची ज्योतच शहाणपणाची.

एसी आणि फ्रिजवाल्यांचं काम लहान नळ्यांचं असतं. त्यांना लहान ऑक्सिजन सिलिंडर आणि ५ किलोचा एलपीजी एवढं पुरतं, जिना चढून नेता येतं. काही जण मॅप नावाच्या इंधन वायूचा पिवळा डबा वापरतात. मूळ मॅप गॅस २००८ साली बनणं बंद झाला आणि आता त्या डब्यांत बहुतांशी प्रोपिलीन असतं. चांगली चीज आहे, एलपीजी आणि डीए यांच्या मधली, पण मोठ्या सिलिंडरमध्ये नेहमी मिळेलच असं धरून शेड उभारू नका.

पाइपचा गॅस आणि हायड्रोजन

महाराष्ट्र नॅचरल गॅसची पाइपलाइन पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव भागात आहे. तुमच्या दाराशी असेल आणि काम एका टेबलावर, रोज, तासन्‌तास चालणारं असेल तर हा उत्तम पर्याय. सिलिंडर बदलणं नाही, रिकामा झाला म्हणून पाळी थांबणं नाही, आणि गळला तर वर निघून जातो. पण घनमीटरमागे उष्णता ३७ मेगाज्यूलच आणि शंकूत जवळपास काही नाही, म्हणून तापायला वेळ लागतो. घरगुती दाबावर टॉर्च चालणार नाही. औद्योगिक दाबाची जोडणी आणि त्याला साजेशी इंजेक्टरची टॉर्च लागते. फिरत्या कामाला हा निरुपयोगी.

हायड्रोजनची ज्योत दिवसा दिसत नाही आणि लालकरणाच्या जाड कामाला तिच्यात घनमीटरमागे उष्णता फारच कमी. शिवाय ऑक्सिजन मुरलेल्या साध्या तांब्याला ती ठिसूळ करते. काच आणि सोनारकाम सोडलं तर तुम्हाला ती नको.

तुमचं काम कोणतं?

आता तुमच्या कामाची वही उघडा आणि मागच्या महिन्यात काय काय तापवलं ते लिहा. बहुतेक नोंदी नट, बोल्ट, लहान दुरुस्ती, अवघड जागा अशा असतील, किंवा गॅस वेल्डिंग करायचं असेल, तर डीए घ्या. एकच घ्या, लहान नोझल घ्या आणि मोठं नोझल विकत घेण्याचा मोह टाळा. बहुतेक नोंदी वाकवणं, सरळ करणं, मोठ्या प्लेटा, फाळ ठोकणं अशा असतील तर ऑक्सिजनबरोबर एलपीजी. सगळं दोनशे अंशांच्या आत असेल तर हवेची टॉर्च घ्या आणि उरलेले पैसे थर्मल चॉकवर खर्च करा. हा चॉक ठरावीक तापमानाला वितळतो. भर उन्हात शेडच्या दारात काम करताना ६०० अंशांचा मंद लाल रंग डोळ्याला दिसतच नाही आणि माणूस जॉब नकळत आठशेवर नेतो. साधं पोलाद सरळ करताना ६५० अंशांच्या वर जायचं नाही, कडक केलेलं असेल तर त्याहूनही खाली.

गॅस कुठलाही निवडा, दोन्ही रेग्युलेटरला फ्लॅशबॅक अरेस्टर (मागे वळलेली ज्योत अडवणारा) आणि टॉर्चकडे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (गॅस उलटा जाऊ न देणारा) हवेतच. हा खर्च वाचवून टॉर्च भारी घेणारी माणसं मला समजत नाहीत. ऑक्सिजनच्या फिटिंगला तेल-ग्रीस लावायचं नाही, तेलकट हातमोजाही नको. गळती साबणाच्या फेसाने बघायची. इंधनाच्या जोडांचे आटे डावे असतात आणि नटावर खाच असते, ऑक्सिजनचे उजवे असतात. जोड बसत नसेल तर जबरदस्ती न करता हे आधी तपासा. डीएचा सिलिंडर उगाच तापू लागला असेल तर त्याला हात लावू नका, माणसं लांब करा आणि १०१ वर फोन करा. आत विघटन सुरू झालं तर झडप बंद करून ते थांबत नाही.

भाच्याच्या वहीत वीस-बावीस नोंदी निघाल्या. त्यात पाच-सहा नटांच्या होत्या, दोन वेल्डिंगच्या, आणि बाकी फाळ, ट्रॉलीचे अ‍ॅक्सल, वाकलेले अँगल, पुल्या. त्याने ऑक्सिजनबरोबर एलपीजीची हीटिंग टॉर्च घेतली, दोन निळे सिलिंडर जोडून शेडच्या मागच्या भिंतीला पत्र्याच्या सावलीत उभे केले आणि पुल्यांसाठी हवेची टॉर्च घेतली. नटांसाठी डीए लागेल तेव्हा शेजारच्या फॅब्रिकेटरकडे जॉब न्यायचा, असं ठरलं. पिट त्याने फेब्रुवारीत मुरूम टाकून बुजवला आणि वर कोबा केला.